काचेवरचा सातबारा

२०२३ च्या सप्टेंबरपासून मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये एका खोलीचा भाव अचानक वधारला. ती खोली म्हणजे अभिलेख कक्ष. एरवी तिथं नेमणूक होणं म्हणजे शिक्षाच समजतात. मराठा आरक्षणासाठी आंतरवाली सराटीत झालेल्या उपोषणानंतर सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या कागदांत ‘कुणबी’ ही नोंद कुठं कुठं सापडते याचा शोध सुरू झाला. पाहणीपत्रकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांची प्रवेश-निर्गम पुस्तकं असं सगळं कपाटांच्या माथ्यावरून खाली उतरलं. ऑक्टोबर संपता संपता आकडा जाहीर झाला : १ कोटी ७२ लाख कागद पाहून झाले, ११,५३० नोंदी हाती लागल्या. धाराशिव जिल्ह्यात कारी गावापासून प्रमाणपत्रांचं वाटप सुरू झालं. पुढं शोध राज्यभर गेला आणि आकडे लाखांच्या घरात पोचले.

आरक्षणाचं राजकारण हा या लेखाचा विषय नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी थबकलो तो दुसऱ्याच गोष्टीपाशी. चार पिढ्यांपूर्वीच्या कागदाला प्रश्न विचारला आणि त्यानं उत्तर दिलं. कसर लागलेला, कडा झिजलेला, पण बोलला. आज आपण नोंदवतो ते सगळं संगणकात जातं. २१२३ साली कुणी असाच प्रश्न घेऊन आला, तर उत्तर द्यायला काय उरलेलं असेल, आणि कशावर?

हा प्रश्न घेऊन मी वाशीला गेलो. वाशी म्हटलं की मोबाइल आधी नवी मुंबईचं रेल्वे स्टेशन दाखवतो. ही वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या माथ्यावरची. सोलापूर-धुळे महामार्ग सोडून आत वळावं लागतं. उत्तरेला मांजरा, तालुक्यात फटाक्यांसाठी नाव कमावलेलं तेरखेडा, शिवारात सोयाबीन, आणि भूम-वाशी पट्ट्यातल्या कुठल्याही गावात खव्याची भट्टी. हा मुलूख १८५३ ते १८६० एवढी वर्षं इंग्रजांकडे होता, मग पुन्हा निजामाकडे गेला आणि १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आला. राज्यकर्ते बदलले तशी दप्तरांची भाषाही बदलली : वर फारसी, मग उर्दू, खाली गावात मोडी. एका जमिनीचा मागोवा घ्यायचा तर निरनिराळ्या भाषा-लिप्यांतून जावं लागतं.

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी दप्तरांचे रुमाल बांधण्या-सोडण्यात घालवली. “तुम्ही डेटा म्हणताय ते आम्ही आधीपासून करतोय,” असं म्हणून त्यांनी मला सहा गठ्ठा पद्धत ऐकवली. सरकारी नोकरीतल्या माणसाला ती पाढ्यासारखी पाठ असते. चालू प्रकरणांचा गठ्ठा वेगळा, उत्तराची वाट पाहणाऱ्यांचा वेगळा, नियतकालिकांचा वेगळा, स्थायी आदेशांचा वेगळा; पाचवा अभिलेख कक्षात धाडायचा आणि सहावा नष्ट करायचा. अभिलेख कक्षात गेलेल्या कागदाला पुन्हा वर्ग असतो. ‘अ’ म्हणजे कायम. ‘ब’ म्हणजे ३० वर्षं. ‘क’ त्याहून कमी. ‘ड’ वर्षभरात रद्दी.

“सगळंच जपायला गेलात की काहीच सापडत नाही,” ते म्हणाले. “आणि वर्ग चुकला की माणूस देशोधडीला लागतो.”

साठवणुकीच्या भविष्याबद्दल जे काही वाचलं होतं, त्यातलं बरंचसं मला या अ-ब-क-डमध्ये बसताना दिसू लागलं. परदेशी मासिकांतले लेख नेहमी एकाच सुरात असतात : अमुक तंत्र आलं, आता फिरत्या चकतीचा काळ संपला. हा मृत्युलेख वीसेक वर्षं लिहिला जातोय आणि चकती अजून फिरतेय. कारण ‘अ’ वर्गाची वस्तू चालू गठ्ठ्याच्या कामाची नसते, आणि चालू गठ्ठ्याची ‘अ’च्या.

आधी चकतीचंच बघू. १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक नावाचं यंत्र बाजारात आणलं. चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची ५० लाख अक्षरं. आज मोबाइलमधला एखादा फोटोही त्यात बसणार नाही. तत्त्व मात्र अजून तेच आहे. चकतीवर चुंबकीय कणांचा अतिपातळ थर. कणांच्या एका पुंजक्याचं चुंबकत्व या दिशेला असेल तर शून्य, त्या दिशेला असेल तर एक. वाचणारं हेड चकतीला न टेकता काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जातं. जास्त माहिती मावावी म्हणून पुंजके लहान करत न्यायचे, हा साठ वर्षांचा उद्योग. पण पुंजका फारच लहान झाला की साध्या खोलीच्या उष्णतेनंही त्याची दिशा आपोआप उलटते आणि लिहिलेलं पुसलं जातं. त्यावर उपाय म्हणून सहजी न उलटणारं लोह-प्लॅटिनमचं मिश्रण वापरायचं ठरलं. मग ते लिहितानाही उलटेना. तेव्हा हेडवरच इवलासा लेसर बसवला. नेमका तेवढाच ठिपका सेकंदाच्या अब्जांश भागासाठी चारशे अंश सेल्सिअसच्या वर तापवायचा, लिहायचं आणि थंड होऊ द्यायचं. सीगेट कंपनीनं २०२४ मध्ये या पद्धतीच्या ३० टेराबाइटच्या पुढच्या डिस्क आणल्या. आपण ‘क्लाउड’ म्हणतो त्याचा मोठा भाग आजही अशाच चकत्यांवर गरगरत असतो.

त्या गरगरण्याचा शेवट कसा होतो, ते वाशीतल्या एका फोटो स्टुडिओत ऐकलं. बसस्थानकाकडून येणाऱ्या रस्त्यावरचं दुकान. पुढं पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा, मागं अल्बम, आणि लाकडी कपाटात तालुक्यातली लग्नं. वरच्या फळीवर व्हीएचएसच्या कॅसेटी, त्याखाली सीडीच्या थप्प्या, मग डीव्हीडी, आणि सगळ्यांत खाली बुटाच्या खोक्यात हार्ड डिस्क. प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करनं साल लिहिलेलं. मालकांनी एक डिस्क संगणकाला जोडली. ती सुरू झाली, घरघरली आणि मग ठरावीक अंतरानं टक्, टक् वाजू लागली. हेडला आपली जागा सापडत नसली की असा आवाज येतो.

“ही गेली बघा,” ते म्हणाले. “हिच्यात एका सीझनची लग्नं हायेत. परवा एकजण आला, म्हणला वडील वारले, लग्नातला त्यांचा चेहरा पायजे. काय सांगू त्याला?”

मग त्यांनी एक जुनी सीडी काढून ट्यूबलाइटसमोर धरली. चंदेरी थराला बारीक भोकं पडलेली, त्यातून उजेड आरपार. घरी लिहायच्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. लेसर त्यालाच डागून अक्षरं उठवतो आणि ऊन-दमटपणानं तेच द्रव्य उतरत जातं. विकत घेताना खोक्यावर शंभर वर्षांची हमी होती, असं मालकांना पक्कं आठवतं. नव्वदच्या दशकातली व्हीएचएस मात्र बुरशी पुसून, दोनदा पुढं-मागं फिरवून त्यांनी लावून दाखवली. चित्र थरथरत होतं, पण नवरी ओळखू येत होती. व्हीसीआर त्यांनी जपलाय. तो बिघडला तर दुरुस्त करणारा आता बार्शीतही मिळत नाही, म्हणाले.

हल्ली ते गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्ह देतात, हौशी गिऱ्हाइकाला एसएसडी. त्यात काहीच फिरत नाही म्हणून लोकांना ती अमर वाटते. १९८० च्या दशकात तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी शोधलेली ही फ्लॅश स्मृती विजेचा भार सूक्ष्म कप्प्यात कोंडून ठेवते. कोंडलेला भार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत लवकर झिरपतो. या उद्योगाच्या मानकाप्रमाणे पुरेपूर वापरून झालेल्या घरगुती एसएसडीनं वीज न देता ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरली, तरी ती पास. मोठ्या सर्व्हरसाठीच्या एसएसडीला ४० अंशात तीन महिने पुरतात. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते, हे खरं. पण मराठवाड्यातला मे महिना, पत्र्याचं छत आणि त्याखालच्या लोखंडी कपाटात साडीच्या घडीत ठेवलेलं लग्न, एवढं डोळ्यापुढं आणलं की पुरे. एसएसडी हा चालू गठ्ठा आहे. वेगवान, सोयीचा, रोज हाताळायचा. तिच्यात वंशावळ ठेवू नये.

‘ब’ वर्गासाठी जगानं निवडलेली वस्तू ऐकून स्टुडिओवाले हसले. टेप! कॅसेटच. मोठ्या बँका, हवामान खाती, प्रयोगशाळा, सगळे अजून चुंबकीय फीत वापरतात. एलटीओ नावाची ही काडतुसं २००० सालापासून पिढ्यांमागून पिढ्या निघताहेत. २०२१ ची नववी पिढी १८ टेराबाइटची, २०२५ ची दहावी ३० टेराबाइटची. लिहून झालं की फळीवर ठेवायची. वीज नको, फिरणं नको, आणि तारेला जोडलेलीच नसल्यानं खंडणी मागणारा हॅकरही तिथवर पोचत नाही. २०११ मध्ये एका चुकीच्या सॉफ्टवेअरमुळे हजारो लोकांच्या जीमेल पेट्या रिकाम्या झाल्या, तेव्हा गूगलनं त्या टेपवरूनच भरून काढल्या. नीट ठेवली तर तीस वर्षं, असं बनवणारे सांगतात. नेमका ‘ब’.

पण गोम इथंच आहे. दहाव्या पिढीचं यंत्र आधीच्या पिढ्यांची टेप वाचत नाही. टेप तीस वर्षं टिकेल, तिला वाचणारं यंत्र बाजारातून दहा-पंधरा वर्षांत जाईल. म्हणून दर काही वर्षांनी सगळं नव्या पिढीवर उतरवून घ्यावं लागतं. थोडक्यात, तिथंही एक कारकून लागतोच.

मग ‘अ’ वर्ग. इथं गोष्टी विलक्षण होतात. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात पीटर कझान्स्की यांच्या गटानं काचेच्या आत लिहायची रीत बसवली. सेकंदाच्या अब्जांशाच्याही दशलक्षांश भागाइतक्या वेळाच्या लेसर-झोतांनी क्वार्ट्झ काचेत सूक्ष्म खुणा पाडायच्या. खुणेची जागा, तिचा रोख आणि ठळकपणा यांतून माहिती वाचायची. पृष्ठभागावर नव्हे, पोटात, थरावर थर. त्याच वाटेनं मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये १९७८ चा ‘सुपरमॅन’ चित्रपट साडेसात सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या आणि दोन मिलिमीटर जाडीच्या काचेत बसवला : ७५.६ गिगाबाइट. मग ती काच पाण्यात उकळली, भट्टीत तापवली, तारेच्या घासणीनं घासली. चित्रपट शाबूत.

दुसरी वाट जनुकांची. डीएनएच्या चार अक्षरांत शून्य-एक लिहायचे, तसा रेणू प्रयोगशाळेत घडवायचा आणि वाळवून ठेवायचा. हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांनी २०१२ मध्ये आपलं एक अख्खं पुस्तक असं लिहिलं. २०१७ मध्ये यानिव एर्लिख आणि दीना झीलिन्स्की यांनी दाखवलं की एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट मावू शकतात. ग्रीनलँडच्या मातीतून वीस लाख वर्षांपूर्वीचा डीएनए २०२२ मध्ये वाचला गेला, तेव्हा टिकाऊपणाबद्दल शंका नको. लिहिण्याचा वेग मात्र असा की २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्वयंचलित यंत्राला ‘हॅलो’ हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द लिहून पुन्हा वाचायला २१ तास लागले. आपला तलाठीही याहून जलद. पण डीएनएची एक बाजू मला भक्कम वाटते. माणूस आजारी पडतो तोवर डीएनए वाचणारी यंत्रं जगात असणारच. टेपच्या यंत्रासारखी ती कालबाह्य होणार नाहीत.

आता सातबाऱ्याकडे. सातबारा काचेवर कोरावा का? निवृत्त कारकुनांसमोर मी हे मांडलं तेव्हा त्यांनी मान हलवली. सातबारा ही चालू वस्तू आहे. वारसा लागतो, विक्री होते, बोजा चढतो, उतरतो. काचेवरचं एकदा लिहिलेलं बदलत नाही. “काचेवर टाकायचा तर फेरफार टाका,” ते म्हणाले, आणि मला वाटतं या विषयावर मी ऐकलेलं हे सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य आहे. फेरफार म्हणजे बदलाची नोंद. ती खोडायची नसते, तिच्याखाली पुढची लिहायची असते. हाताच्या सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव पुसत नसत, त्याला कंस करत. कंसातली नावं वाचत गेलं की घराण्याचं भांडण डोळ्यापुढं उभं राहतं. हातानं लिहिलेले सातबारे संगणकात भरताना चुका झाल्या, म्हणून २०१७ च्या सुमारास गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं आणि दुरुस्त्या झाल्या. त्या दुरुस्तीतही पडताळ्याला शेवटी जुना कागदच काढला गेला. फेरफारांची मालिका दरवर्षी न बदलणाऱ्या माध्यमावर उतरवली, तर असा पडताळा पुढच्या शतकातही घेता येईल.

आज सातबारा वाशीच्या तहसिलीत राहत नाही. तो दूरच्या सर्व्हरमध्ये असतो आणि ‘सर्व्हर डाउन’ हे शब्द सेतू केंद्रापुढच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यालाही पाठ झालेत. देशातल्या डेटा सेंटरांची सर्वांत दाट वस्ती नवी मुंबईत आहे : ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल. समुद्राखालच्या केबली मुंबईत किनाऱ्याला लागतात, वीज आहे, बँका शेजारी आहेत. म्हणजे या वाशीतल्या पोरांचे फोटो त्या वाशीच्या शेजारी मुक्कामाला असण्याची शक्यता चांगलीच. फुकट मिळालेली जागा भरली की महिन्याचं भाडं सुरू होतं, आणि भाडं थकलं की काय होतं ते अटींच्या पानावर लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

जपणुकीचं शास्त्र आपल्याकडे नाही असं मात्र समजू नये. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. दिनेश कात्रे यांच्या पुढाकारानं डिजिटल जतनाचं केंद्र उभं राहिलं. तिथं घडवलेल्या ‘डिजिटालय’ या प्रणालीवर दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राचा दृकश्राव्य संग्रह चालतो. विश्वासार्ह डिजिटल भांडारासाठीचं आयएसओ १६३६३ हे प्रमाणपत्र २०१७ मध्ये जगात सर्वांत आधी त्या संग्रहाला मिळालं. ही बातमी फारशी गाजली नाही, कारण त्यात लेसर नव्हता. त्या मानकात माध्यमाच्या टिकाऊपणाहून जास्त भर वेगळ्याच गोष्टींवर आहे : संस्थेकडे पुढच्या वर्षांचा पैसा आहे का, माणसं नेमली आहेत का, प्रत बिघडली का हे नियमित तपासलं जातं का, आणि उद्या संस्था बंद पडली तर हे कुणाच्या ताब्यात जाणार. रुमाल बांधणाऱ्या कारकुनाची नेमणूकच म्हणा ना.

२०२३ च्या शोधातही कागद कमी पडला नाही, माणसं कमी पडली. मोडी वाचणारे किती? शिकस्त वळणाचं उर्दू-फारसी वाचणारे किती? जिल्ह्याजिल्ह्यात जाणकारांची शोधाशोध झाली. निवृत्त झालेल्यांना, हौसेनं शिकलेल्यांना बोलावणी गेली. कागदाचं स्कॅनिंग पटापट होत होतं आणि वाचणाऱ्यापाशी येऊन रांग थांबत होती. काचेवर किंवा डीएनएत आपण जे ठेवू त्याचीही मोडी होणार आहे. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बनलेली फाइल, कुठला फाँट, कुठली सांकेतिक पद्धत. युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर आजच्या संगणकावर उघडला की कसा चिन्हांचा चिवडा दिसतो, हे छापखान्यातल्या कुणालाही विचारा. हा मजकूर पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे, निजामाचा नव्हे. म्हणून काचेच्या पहिल्या तुकड्यावर बाकीचं कसं वाचायचं ते भिंगातून दिसेल अशा साध्या अक्षरांत कोरून ठेवावं लागेल.

शेवटचा मुद्दा वर्ग ठरवण्याचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो अ‍ॅपमध्ये टाकतो. हंगामागून हंगाम, गटागटाचे फोटो. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा, भूम, वाशी, कळंब भागांत पावसानं शेतं पाण्याखाली घातली, तेव्हा त्यात पंचनाम्यांच्या फोटोंची भर पडली. भरपाई खात्यात जमा झाली की सरकारी लेखी या फोटोंचं काम संपतं. पण गावच्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यू टिपणाऱ्याचंही काम तेवढ्यापुरतंच होतं. त्यातल्या एका रकान्यावर शंभर वर्षांनी मोर्चे निघतील, ही गोष्ट त्याच्या गावीही नव्हती. सोयाबीनच्या फोटोत पिकामागं विहीर दिसते, बांध दिसतो, बांधावरचं लिंबाचं झाड दिसतं, कधी छत्री धरलेली म्हातारी. यातलं कुणाला कधी काय लागेल, ते आज सांगता येत नाही.

हे फोटो कुठल्या वर्गात घालाल, असं मी त्या निवृत्त अव्वल कारकुनांना विचारलं.

“नियमानं ड,” ते म्हणाले. “मी असतो तर ब मध्ये सरकवले असते. आणि वरच्या साहेबाला सांगितलं नसतं.”